डाव्या बोटावरची पांढरी रेघ

आपला डावा हात जरा उजेडात धरून पाहा. तर्जनीच्या कडेला किंवा अंगठ्याच्या पेरावर एक बारीक पांढरी रेघ दिसते का? आमच्या पिढीतल्या, कोकणातल्या गावात नाहीतर मुंबईच्या चाळीत वाढलेल्या पुष्कळांच्या हातावर ती सापडते. डावखुऱ्यांची रेघ उजव्या हातावर असते, एवढाच फरक. ती रेघ म्हणजे लहानपणीच्या चाकूची सही. साठ-सत्तर वर्षे झाली, केस पांढरे झाले, गुडघे बदलले, पण ती काही पुसली जात नाही.

हा विषय या महिन्यात घेण्याचे कारण असे की सुट्टीत नातवंडे घरी येतात आणि त्यांच्यापैकी एखाद्याच्या खिशात ओलार असतो. त्सोफिमच्या सहलीसाठी घेतलेला, नाहीतर मोठ्या भावाने सैन्यातून आल्यावर दिलेला. आई-बाप कामावर, घरात सब्ता आणि सबा. मुलाच्या हातातून चाकू काढून घ्यावा की त्याला तो धरायला शिकवावा, हा प्रश्न मग आपल्याच पदरात पडतो. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. चाकू आजही आपल्या स्वतःच्या हातात रोज असतो, आणि आपला हात मात्र पूर्वीचा राहिलेला नाही.

आपण चाकू शिकलो तो कोणी शिकवला म्हणून नव्हे. घरात विळी होती, कोयता होता, आणि जत्रेत किंवा बाजारात मिळणारा लाकडी मुठीचा घडीचा चाकू वडिलांच्या नाहीतर काकांच्या खिशात असे. तो कधीतरी आपल्या हाती लागे. कैरी कापायला, विटीला टोक काढायला, बेचकीसाठी पेरूची फांदी साफ करायला, पतंगाची कामटी तासायला. शाळेच्या दप्तरात दाढीचे अर्धे ब्लेड असे, पेन्सिलीसाठी. मुलांना कापते म्हणून कोणी ते काढून घेत नसे. कापले की शिकेल, असा सरळ हिशेब होता. शिकलो हे खरे, पण ज्यांच्या बोटाचे पेर कायमचे वाकडे राहिले तेही याच शाळेतले. त्यांच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

त्या अपघातांकडे आज पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. ते ठरावीक चार-पाच प्रकारचेच होते. गाव कोणतेही असो, मूल कोणतेही असो, बोट त्याच जागी कापायचे. म्हणजे दोष नशिबाचा नव्हता, चाकूच्या बनावटीत आणि हाताच्या सवयीत होता.

पहिला प्रकार घडी मिटण्याचा. साध्या घडीच्या चाकूला कुलूप नसते. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, ती स्प्रिंगसारखी पात्याच्या बुडाला दाबून धरते. पाते उघडे राहते ते एवढ्याच दाबावर. धारेच्या बाजूने जोर दिला, म्हणजे कापले, तर पाते मुठीशी घट्ट राहते. पण टोकाने टोचायला गेलो, किंवा पात्याच्या पाठीवर जोर पडला, की तीच पट्टी हार मानते आणि पाते सरळ आपल्या चार बोटांवर मिटते. कोकणातल्या मुलांना हा धडा नारळाने दिला. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो टोचून पाणी प्यायचे. कोयता मोठ्यांकडे, म्हणून चाकूचे टोक डोळ्यात घालून फिरवायचे. टोक आत अडकले, हात पुढे गेला, पाते मिटले. माझ्या मोठ्या आतेभावाची करंगळी सोडून तीन बोटे एका झटक्यात कापली होती, आणि नारळातले पाणी कोणी प्यायले हे त्याला अजून आठवते.

म्हणून पहिला नियम असा की कुलूप नसलेल्या चाकूने भोक पाडायचे नाही. दुधाची पिशवी, औषधाच्या बाटलीवरचे सील, पट्ट्याला जादा भोक, काहीही नाही. त्यासाठी कात्री किंवा टोच्या घ्यावा. मिटतानाही तसेच. मूठ एका हातात अशी धरायची की बोटे खाचेच्या वर येणार नाहीत, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याची पाठ हळूहळू ढकलायची. मांडीवर आपटून एका हाताने मिटवणे सिनेमात बरे दिसते. रामपुरी चाकूही तिथेच बरा.

काही चाकूंना कुलूप असते. फ्रान्समधल्या ओपिनेल चाकूला मुठीच्या तोंडाशी फिरणारे कडे आहे, ते १९५५ साली आले. कडे फिरवले की पाते मिटत नाही. सैनिकांकडे असतात तसल्या पकडीच्या हत्यारांत आतली एक पट्टी पात्याच्या मागे सरकून बसते. ती सोडवताना अंगठा नेमका पात्याच्या वाटेत येतो, हे मुलाला दाखवून द्यावे. आधी पट्टी सरकवायची, पाते थोडेसे मिटले की अंगठा काढायचा, मग उरलेले मिटवायचे. ज्याला स्विस चाकू म्हणतात तो लाल मुठीचा चाकू सर्वांना माहीत आहे. त्याची सुरुवात १८९१ मध्ये स्विस सैनिकांसाठी झाली, आणि कार्ल एल्सेनर यांनी १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका नमुना केला. त्याच्या लहान नमुन्यांनाही कुलूप नसते, फक्त स्प्रिंग असते. नावाला भुलू नये.

दुसरा प्रकार मांडीचा. विटीला दोन्ही बाजूंनी निमुळते करायचे असते, म्हणून लाकूड सारखे उलटावे लागते. उभ्याने जमत नाही, मग पायरीवर बसून विटी मांडीवर टेकवायची आणि चाकू आपल्या दिशेने ओढायचा. गाठ आली की चाकू अडतो, आपण जोर वाढवतो, गाठ एकदम सुटते आणि चाकू मांडीत. बांबूच्या कामट्यांत हे आणखी लवकर होते, कारण बांबू तंतूंच्या रेषेत एकदम फाटतो आणि पाते मोकळे धावते. मांडीच्या आतल्या बाजूने पायाची सर्वांत मोठी रोहिणी जाते. तिथला खोल वार काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. आपल्यापैकी बहुतेकांची नुसती चड्डी फाटली किंवा कातडी सोलली, ही देवाची कृपा.

नातवाला सांगायचे ते एवढेच की बसून काम कर, कोपर गुडघ्यांवर टेकव, लाकूड गुडघ्यांच्या पुढे धर आणि चाकू अंगापासून दूर ढकल. लहान लहान साली काढ, जोर नको. चाकू अडला तर ओढू नको, बाहेर काढ आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात कर. आणि काम सुरू करण्याआधी मिटलेला चाकू हातात धरून हात लांब कर, स्वतःभोवती फिरव. त्या वर्तुळात कोणी नको. आपल्या वेळी तर विटी तासणाऱ्याच्या डोक्यावर चार डोकी वाकलेली असत, आणि कापायचे ते पाहणाऱ्याला.

तिसरा प्रकार तळहाताचा, आणि तो आपल्याशी आजही जोडलेला आहे. कैरी डाव्या तळव्यावर धरायची, चाकू वरून दाबायचा, कोय कुठे आहे ते चाकूलाच विचारायचे. कोयीवर पाते घसरले की अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग गेला. आज कैरीच्या जागी आवोकादो आला आहे. फळ तळव्यावर, बी काढायला पात्याचा घाव, पाते बीवरून घसरते किंवा मऊ फळातून आरपार तळव्यात जाते. अशा जखमा इतक्या होतात की इंग्रजी डॉक्टरांनी त्यांना वेगळे नावच दिले आहे, आवोकादो हँड. तळव्यात बोटांचे स्नायूबंध आणि संवेदनेच्या नसा अगदी वरवर असतात. लहानशी जखमही बोट कायमचे बधिर करू शकते.

आवोकादो पाटावर ठेवा, हात वरून पसरून धरा, उभा काप बीपर्यंत गोल फिरवा, दोन अर्धे पिळून वेगळे करा आणि बी चमच्याने काढा. डाळिंबाला वरून आणि बाजूने फक्त साल चिरेल एवढेच काप द्या, मग हातांनी उघडा. फ्रीजरमधले चिकटलेले तुकडे चाकूच्या टोकाने सोडवू नका. त्यात जोर लागतो आणि बर्फ कधी सुटेल ते सांगता येत नाही. पाच मिनिटे गार पाण्यात ठेवा.

इथे विळीबद्दल एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आमच्या आया-आज्यांनी आयुष्यभर पाटावर बसून विळीवर कांदा, नारळ, मासे कापले आणि त्यांची बोटे शाबूत राहिली. विळीचे पाते जागचे हलत नाही. हलतो तो हात, आणि डोळा हातावर असतो. पाते कुठे आहे हे विसरायला वावच नाही. चाकूत सगळे उलट. पाते हलते, आणि आपला डोळा भाजीवर असतो. म्हणून विळीवर हात बसलेल्या बाईला या देशात येऊन चाकू धरताना पहिली काही वर्षे जास्त लागे. मला वाटते ते अनाडीपण नव्हते, चांगली सवय चुकीच्या हत्यारावर वापरणे होते. त्यावर उपाय म्हणजे वस्तू पाटावर स्थिर करणे. बटाटा गोल असेल तर आधी एक काप काढून सपाट बाजू खाली ठेवावी. पाटाखाली ओला फडका घातला की पाटही सरकत नाही.

उरलेले प्रकार थोडक्यात. हातातून सुटलेला चाकू झेलायचा नाही. हात मागे घ्यायचा, पाय मागे घ्यायचे, पडू द्यायचा. वस्तू झेलण्याची हाताची सवय इतकी जुनी असते की मुलाला हे मिटलेल्या चाकूने पाच-दहा वेळा पाडून शिकवावे लागते. उघडा चाकू घेऊन चालायचे नाही. दुसऱ्याला द्यायचा तर मिटवून द्यायचा, आणि मिटत नसेल तर टेबलावर ठेवायचा, त्याने उचलायचा. कात्री उगाच वाजवू नये, भांडण होते, असे आजी म्हणायची. भांडणाचे माहीत नाही, पण त्यामुळे मुलांच्या हातातली कात्री शांत राहत असे.

आणि धार. बोथट चाकू मुलाच्या हाती बरा, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. बोथट चाकूला जोर द्यावा लागतो, जोर दिला की तो घसरतो, आणि बोथट पात्याची जखम फाटल्यासारखी वेडीवाकडी होते, ती भरायला वेळ लागतो. मुलासाठी हवे ते धार असलेले पण टोक गोल असलेले छोटे पाते, तसे चाकू मिळतात. पहिला धडा लाकडावर नव्हे, साबणाच्या वडीवर. साबण मऊ असतो, जोर लागत नाही, आणि त्याचा मासा किंवा होडी झाली की मूल खूश. किती वर्षांचे मूल? त्याला आकडा नाही. सांगितलेले ऐकून लगेच थांबते का, एवढे पाहा. जे मूल रस्त्यावर हाक मारल्यावर थांबत नाही, त्याच्या हाती अजून चाकू नको.

आता आपल्या हातांकडे वळू.

सत्तरीनंतर कातडी पातळ होते आणि खालची चरबी कमी होते. जी जखम तिशीत ओरखडा ठरली असती ती आता कातडीचा पापुद्रा उचलते. संधिवाताने पकड सैल होते. मोतीबिंदूमुळे धार आणि सावली यात गोंधळ होतो. मधुमेह जुना असेल तर बोटांची टोके बधिर असू शकतात, आणि कापल्याचे रक्त पाहिल्यावरच कळते. घडीचा चाकू उघडण्यासाठी नखाची खाच असते, ती घट्ट स्प्रिंगपुढे म्हाताऱ्या नखाला झेपत नाही आणि नख निसटले की बोट पात्यावर येते. माझे स्पष्ट मत असे की ज्यांची बोटे दुखतात त्यांनी घडीचा चाकू आठवण म्हणून ठेवावा आणि फळ कापायला जाड मुठीची साधी सुरी घ्यावी. सवय म्हणून अंगठ्याकडे ओढून सफरचंद सोलणे सोडणे कठीण आहे, मला कळते. निदान सोलाणे वापरा.

सर्वांत मोठा फरक रक्ताचा. कुमादिन, एलिक्विस, प्लाविक्स किंवा रोजची छोटी अस्पिरिन आपल्यातले कितीतरी जण घेतात. ही औषधे हृदय आणि मेंदू वाचवतात, पण कापल्यावर रक्त लवकर थांबू देत नाहीत. कापले म्हणून त्या दिवशीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा. आणि घरातल्या माणसाला आपण कोणती गोळी घेतो ते माहीत असू द्या. फ्रीजवर कागद लावून ठेवला तरी चालेल.

कापले तर काय करायचे? आधी खाली बसा. हे मुद्दाम पहिले सांगते. रक्त पाहून भोवळ येऊन पडणारे आणि कापलेल्या बोटासोबत खुब्याचे हाडही मोडून घेणारे वृद्ध असतात. बसल्यावर स्वच्छ फडका किंवा गॉझ जखमेवर ठेवून दाबा आणि हात छातीच्या वर उचला. घड्याळात पाहून दहा मिनिटे दाबायचे, रक्त पातळ करणारे औषध घेत असाल तर पंधरा ते वीस. मध्ये उचलून पाहायचे नाही. प्रत्येक वेळी पाहिले की नुकतीच धरलेली गुठळी निघते. फडका भिजला तर त्याच्यावर दुसरा ठेवा, पहिला काढू नका. त्या हातातली अंगठी लगेच काढा, कारण बोट सुजल्यावर ती निघत नाही.

रक्त थांबले की जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली चांगली धुवा. साबण आजूबाजूच्या कातडीला. वर्षानुवर्षांची आपली औषधे, हळद, चुना, तपकीर, कॉफी, कोकणातल्या बांधावरचा दगडीपाला, ही तिथे नळ आणि गॉझ नव्हता तेव्हाची. त्यांनी रक्त थांबल्यासारखे वाटे ते बहुधा वरून दाबून धरल्यामुळे. आज ती पूड जखमेत गेली की डॉक्टरांना टाके घालण्याआधी खरवडून काढावी लागते. चुलीतली राख किंवा शेण लागलेली माती तर कधीच नाही, त्याचे कारण पुढे सांगते. शाळेतले ते लाल औषधही नको. त्यात पारा होता, आणि त्याच्या रंगाखाली जखमेभोवतीची लाली दिसत नसे.

पातळ कातडीचा पापुद्रा उचलला गेला असेल तर तो कापून टाकू नका. ओल्या गॉझने हळूच परत जागेवर बसवा, वर न चिकटणारी पट्टी ठेवा आणि भोवताली बँडेज गुंडाळा. साधे प्लास्टर थेट त्या कातडीवर लावू नका, काढताना आणखी सोलते.

डॉक्टरकडे कधी जायचे? दाबूनही रक्त थांबत नसेल, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, आत पिवळे किंवा पांढरे काही दिसत असेल, जखम सांध्यावर किंवा तळव्यात असेल, तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर. रात्र असेल तर मोकेद किंवा तेरेम. सकाळी पाहू, असे म्हणण्यात टाक्यांची वेळ निघून जाते. घरी एक तपासणी करता येते. कापलेल्या बोटाचे प्रत्येक पेर वेगळे वाकवून आणि सरळ करून पाहा, आणि बोटाच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना कापसाने स्पर्श करून पाहा. एखादे पेर वाकत नसेल किंवा एक बाजू बधिर असेल तर स्नायूबंध किंवा नस तुटली आहे असे धरा, जखम कितीही लहान दिसो. आमच्या लहानपणी वाकडी राहिलेली बोटे ही बहुतेक याचीच. जखम भरली, आत तुटलेले कोणी पाहिलेच नाही.

रक्त उसळून येत असेल किंवा फडके भिजत जात असतील तर १०१ वर मागेन दाविदला फोन करा आणि ते येईपर्यंत दाब सोडू नका. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो ओल्या स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट तुकड्याला लागू देऊ नका.

पुढचे काही दिवस पट्टी बदलताना जखम पाहा, मधुमेह असेल तर रोज. लाली पसरत असेल, ऊब आणि ठणका वाढत असेल, पू येत असेल, ताप आला किंवा हातावर लाल रेघ वर चढताना दिसली तर थांबू नका.

आणि आता धनुर्वात. गंजलेल्या चाकूने धनुर्वात होतो असे आपण ऐकत आलो. गंजाचा त्यात दोष नाही. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत, धुळीत आणि जनावरांच्या शेणात असतात, आणि खोल, हवा न पोहोचणाऱ्या जखमेत ती वाढतात. अंगणात पडून गंजलेला चाकू मातीचाही असतो, म्हणून समज झाला. चकचकीत चाकूला बागेतली माती लागली असेल तर तोही तितकाच धोक्याचा. जखमेनंतर साधारण तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत जबडा आखडू लागतो, मग पाठ धनुष्यासारखी वाकते. नाव त्यावरूनच आले.

यात आपल्या लोकांसाठी एक खास मुद्दा आहे. भारतात बाळांना नियमित लसी देण्याचा सरकारी कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि तो सगळीकडे नेण्याचे काम १९८५ पासून झाले. म्हणजे त्याआधी कुलाबा जिल्ह्यातल्या गावात जन्मलेल्या आपल्यापैकी अनेकांना लहानपणी धनुर्वाताच्या तीन मूळ मात्रा मिळाल्याच नसतील. कापल्यावर दवाखान्यात एक इंजेक्शन मिळाले असेल, पण ते पूर्ण संरक्षण नव्हे. जे तरुणपणी इथे आले आणि सैन्यात गेले त्यांना तिथे लस मिळाली असणार. जे चाळिशी-पन्नाशीत आले, आणि ज्या बायका सैन्यात गेल्याच नाहीत, त्यांची पाटी कोरी असू शकते. नातवंडांची काळजी नको, त्यांना तिपत खलवमध्ये आणि पुढे शाळेत लस मिळते. प्रश्न सबा-सब्तांचा आहे.

नियम असा की मूळ मात्रा पूर्ण असतील तर दर दहा वर्षांनी एक पुनर्मात्रा. खोल किंवा माती लागलेली जखम असेल आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षे होऊन गेली असतील तर तेव्हाही एक. मूळ मात्रा झाल्या की नाही हेच माहीत नसेल तर घाणेरड्या जखमेनंतर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात. तेव्हा कुपत खोलिममध्ये रक्तदाब तपासायला जाल त्या दिवशी नर्सला संगणकात आपली नोंद पाहायला सांगा. नोंद नसेल तर 'आठवत नाही' असे सांगायला संकोच करू नका. कोरी पाटी धरून पहिल्यापासून मात्रा देता येतात, वयाची आडकाठी नाही.

घरातला चाकू कुठे ठेवायचा तेही पाहा. भांड्यांच्या पाण्यात, साबणाच्या फेसाखाली बुडवून ठेवू नका, तिथे तो दिसत नाही. धुऊन, पुसून, मिटवून एका ठरलेल्या जागी. घडीच्या सांध्यात वाळू आणि फळाचा रस सुकला की पाते अडकते आणि उघडताना झटका बसतो. कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि सांध्यात खाण्याच्या तेलाचा नव्हे, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा. खाण्याचे तेल काही दिवसांनी चिकट होते.

बाहेर नेण्याबद्दल नातवाला एक गोष्ट सांगून ठेवा. इस्राएलच्या कायद्यात घराबाहेर चाकू बाळगायला रास्त कारण लागते. दहा सेंटीमीटरपर्यंतचे, मिटणारे आणि कुलूप न बसणारे पाते असेल तर त्याला ओलार धरून त्या व्याख्येतून वगळले आहे. गंमत अशी की बोटांसाठी जास्त सुरक्षित असलेला कुलपाचा चाकू कायद्याच्या नजरेत चाकूच ठरतो. तो सहलीच्या पिशवीत, मिटलेला आणि खाली असावा, बस स्टँडवर खिशात नको. आणि मुंबईला जाताना तो विमानात चढवण्याच्या मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत, किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवलेला बोटभर चाकूसुद्धा बेन गुरियनवर काढून घेतात.